जुनी गाडी परवडते कधी? किलोमीटरमागे दोन रुपयांचा हिशोब



व्हिडिओत मी गाडीखाली झोपून जे दाखवलं, ते इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आजचा धडा गॅरेजचा कमी आणि हिशोबाचा जास्त आहे.

आधी माझी चूक सांगतो. माझं सुक्या मासळीचं आणि मसाल्याचं दुकान चौकला आहे. माल भाईंदर, मीरा रोडला पोहोचवायला जुनी ओम्नी. एका मे महिन्यात कूलंट रोज थोडं थोडं कमी व्हायला लागलं. मिस्त्री म्हणाला, "होज पाइप कडक झालाय, बदलून टाका." खर्च साडेतीनशे रुपये. मी म्हटलं, सीझन संपू दे. रोज सकाळी नळाचं पाणी टाकून गाडी काढायचो. आठव्या दिवशी उत्तनच्या रस्त्यावर गाडी तापून बंद पडली. हेड गॅस्केट गेलं. बिल झालं साडेअकरा हजार, आणि गाडी चार दिवस गॅरेजमध्ये. मे म्हणजे लोक पावसाळ्यासाठी बोंबील, सुकट, जवळा भरून ठेवतात तो महिना. चार दिवस टेम्पोचं भाडं गेलं आणि दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. एक अजून परत आलेलं नाही.

गाडी जुनी होती म्हणून हे झालं नाही. साडेतीनशे रुपये वेगळे काढलेले नव्हते म्हणून झालं.

१. किलोमीटरमागे पैसे बाजूला काढा

पेट्रोलचा खर्च रोज दिसतो. झिजेचा दिसत नाही, पण गाडी झिजतेच. माझ्या वहीतले आकडे बघा:

- चार टायर १४,००० रुपये, चालतात साधारण ४०,००० किमी: ३५ पैसे
- सर्व्हिस २,५०० रुपये, दर ५,००० किमीला: ५० पैसे
- बॅटरी ४,००० रुपये, साधारण तीन वर्षं: ११ पैसे
- ब्रेक, क्लच, बेल्ट, होज वगैरे: ५० पैसे

बेरीज १ रुपया ४६ पैसे. अचानक येणाऱ्या खर्चासाठी वर ५४ पैसे धरले की झाले दोन रुपये. माझी गाडी रोज ४० किमी आणि महिन्याला २६ दिवस चालते, म्हणजे १,०४० किमी. म्हणून दर महिन्याला २,०८० रुपये वेगळ्या खात्यात जातात. वर्षाचे २४,९६०. तुमचे आकडे वेगळे येतील, पण पद्धत हीच. विमा आणि पीयूसी यात धरलेले नाहीत, ते वेगळे ठेवा.

हे पैसे गल्ल्यात ठेवू नका. गल्ल्यातला पैसा माल भरण्यात जातो, हे तुम्हालाही माहीत आहे!

२. पैसे कमी असतील तर आधी काय?

मिस्त्री सात कामांची यादी देतो आणि खिशात पैसे दोन कामांचे असतात. तेव्हा यादीचे तीन भाग करा.

*पहिला भाग, जीवाचा:* ब्रेक, टायर, स्टिअरिंग, हेडलाइट. यात उधारी नाही. टायरची खाच १.६ मिमीपर्यंत आली की टायर संपला. खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की बदलायची वेळ झाली. जुना टायर घेत असाल तर बाजूला छापलेले चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाच छान दिसली तरी रबर म्हातारं असू शकतं.

*दुसरा भाग, रस्त्यात अडकवणारा:* कूलंट, होज, बेल्ट, बॅटरी, क्लच केबल. यातलं बरंचसं काही शेकड्यांत होतं, पण राहिलं तर हजारांत जातं.

*तिसरा भाग, डोळ्यांचा:* रंग, सीट कव्हर, म्युझिक, छोटा डेंट. नफा झाला की बघू.

३. सोमवारची दहा मिनिटं

इंजिन थंड असताना, दुकान उघडण्याआधी:

- ऑइलची कांडी पुसून परत घालून बघा. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे, म्हणून लोक बघायचा कंटाळा करतात. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय. गाडी चालू करू नका, मिस्त्रीला बोलवा.
- कूलंटची पातळी बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. आणि माझ्यासारखं रोज नळाचं पाणी नको, आतून गंज आणि क्षार धरतात.
- ब्रेक ऑइलची पातळी बघा. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला.
- टायरमधली हवा, आणि गाडीखाली जमिनीवर काही डाग पडलाय का ते बघा.
- बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ करा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा.

४. समुद्राकाठची गाडी

चौक, पाली, उत्तनच्या लोकांनी हे दोनदा वाचा. आपल्याकडे खारा वारा आहेच, वर मासळीचं खारं पाणी गाडीच्या आत गळतं. पत्रा बाहेरून चकचकीत आणि आतून सडलेला, असं होतं. माल बंद क्रेटमध्ये ठेवा, खाली ताडपत्री घाला. आठवड्यातून एकदा रबर मॅट उचलून गोड्या पाण्याने धुवा आणि दरवाजे उघडे ठेवून सुकवा. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती मोकळी ठेवा. खालून अँटीरस्ट कोटिंग करायचं असेल तर आधी गंज घासून काढा. गंजावरच कोटिंग मारलं तर ओल आत अडकते आणि पत्रा जास्त लवकर जातो.

५. पार्ट कुठले जुने चालतात?

ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती, म्हणून तिचं काम बहुतेक मिस्त्रींच्या हाताखालून गेलेलं असतं. जुनी गाडी घेताना किमतीपेक्षा हे बघा: आपल्या भागात तिचा पार्ट आणि तिचा मिस्त्री मिळतो का?

दरवाजा, काच, सीट, बंपर, लाइटची काच हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुनं आणलं तरी चालतं. काढलेला पार्ट सोबत न्या, नुसता फोटो पुरत नाही. ब्रेक पॅड, ब्रेक शू, होज, बेल्ट, बेअरिंग मात्र नवीनच. बिलात पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून मागा, काढलेला पार्ट परत मागा. यात मिस्त्रीवर संशय नाही, आपल्या वहीला पुरावा लागतो.

६. कागद

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा गैरसमज आहे. पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची गोष्ट दिल्ली परिसरातली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करा. १ एप्रिल २०२२ पासून ही फी कारसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली. नंतरही नियम बदललेत, म्हणून परिवहन पोर्टलवर आजचा दर बघा आणि पर्यावरण कर वेगळा धरा. खासगी गाडीत दुसऱ्याचा माल भाड्याने नेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकेल. स्वतःचा माल नेत असाल तरी विमा घेताना तसं आधीच सांगा.

७. थांबायचं कधी?

दोन वेळा. एक, चॅसिस किंवा सस्पेन्शन जिथे बसतं तो पत्रा सडला तर. तिथे भावना नको, घरची माणसं त्याच गाडीत बसतात. दोन, सलग सहा महिने दुरुस्तीचा खर्च आणि बंद दिवसांचं नुकसान मिळून टेम्पोच्या भाड्यापेक्षा जास्त यायला लागलं तर. मग गाडी विका आणि टेम्पो लावा. त्यात कमीपणा नाही.

मोठं काम कधी काढायचं तेही धंद्याच्या कॅलेंडरवर ठरवा. माझं आता मार्चमध्ये होतं, सीझनच्या आधी. तुमचा धंदा दिवाळीचा असेल तर गणपतीनंतर लगेच करून घ्या.

घरचा अभ्यास: आज गाडीचं मीटर वहीत लिहा. महिन्याने परत लिहा. फरकाला दोनने गुणा आणि तेवढे पैसे त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. माझ्या त्या खात्यातून पहिला खर्च झाला तो एका होज पाइपचा, आणि त्या दिवशी दुकान वेळेवर उघडलं.