बुरशी जिवंत राखायची तर

पोरी, बुरशीचं टेबल आता तुझ्याकडे आलंय ना, मग ऐकून ठेव. रिपोर्टवर सही झाली की लगेच प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकायची नाही. रिपोर्ट एका पेशंटचा असतो, बुरशी पुढच्या कित्येकांच्या कामाची. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे पेशंट छत्तीसगडभरातून आपल्या रायपूरच्या एम्सला येत होते. तेव्हाचं जे जिवंत असेल, त्यावरच उद्याचं औषध तपासता येईल. कॅन्डिडा ऑरिस या यीस्टला नाव मिळालं २००९ मध्ये; पण कोरियात १९९६ च्या एका पेशंटच्या रक्तातलं यीस्ट जपलेलं होतं, म्हणून मागाहून कळलं की ती तेव्हाही होती.

काळ्या बुरशीचा, म्हणजे म्यूकरचा, संशय असला तर टिश्यू कुटू नकोस, बारीक काप. त्याच्या तंतूंना आडपडदे नसतात. कुटला की मेला.

गजकर्णाच्या बुरशीचं सारखं सबकल्चर करत बसू नकोस. ती बिघडत जाते, वर पांढरा कापूस धरतो, बीजाणू येईनासे होतात. मग मायक्रोस्कोपखाली ओळखणार कशी? तिला पाण्यात ठेव. कास्तेलानींनी १९३९ मध्ये सांगितलेली पद्धत आहे, तिला फ्रीज लागत नाही. स्क्रूच्या झाकणाच्या छोट्या बाटलीत पाच मिली डिस्टिल्ड वॉटर घालून ऑटोक्लेव्ह कर. बीजाणू धरलेल्या ताज्या वाढीच्या कडेचे पाच-सहा मिलिमीटरचे तुकडे काप, अगार कमीत कमी येऊ दे, पाण्यात सोड, झाकण घट्ट लाव. अन्न नसल्याने ती वाढत नाही, तरी वर्षानुवर्षं तग धरते. नवतप्यात मात्र बाटल्या उन्हाच्या भिंतीलगतच्या कपाटात नकोत. पाणी आटतंय का, बघत जा. वर्षातून एकदा एक तुकडा, वाढीची बाजू खाली करून, प्लेटवर लाव. उगवली तरच रजिस्टरात ‘जिवंत’ लिही.

बाटलीवर पेशंटचं नाव नको, कोड घाल. नमुना कुठला, तारीख काय, कोणतं औषध चालू होतं, हे सगळं रजिस्टरात. मार्करची शाई स्पिरिटने जाते, म्हणून लेबलवर पेन्सिलनेच लिही.

उणे ऐंशीच्या फ्रीजरवर सगळी भिस्त ठेवू नकोस. तिथे ग्लिसरॉलमध्ये ठेवतानाही एकाच बुरशीच्या चार-पाच कुप्या कर. एक वितळवली तरी बाकीच्या शाबूत राहतात.

महत्त्वाची असेल तिची एक प्रत चंदीगडच्या पीजीआयमधल्या रोगकारक बुरशींच्या राष्ट्रीय संग्रहाला किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेला दे. आधी त्यांना विचार, तिहेरी पॅकिंग कर, आणि शुक्रवारी कुरिअरला देऊ नकोस. रविवारभर डबा गोदामात तापत पडतो.