एका घराच्या अनेक चुली

कोकणातील जुन्या मोठ्या घराचा घाट ठरलेला असे. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि या साऱ्यांच्या पोटात एकच स्वयंपाकघर. तीन-चार भाऊ, त्यांच्या बायका, मुले, एखादी विधवा आत्या अशी वीस-पंचवीस माणसे तेथे नांदत. शेत एक, धान्याची कणगी एक, म्हणून चूलही एक. भावाभावांचे प्रेम हे या एकोप्याचे कारण सांगितले जाते. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. पाऊस लागला की भाताची लावणी थोड्या दिवसांत उरकावी लागे. त्यासाठी पुष्कळ हात हवेत आणि ते एका छपराखाली असलेले बरे, हेही कारण तितकेच खरे होते.

या घराला पहिला धक्का भांडणाने दिला नाही. तो मुंबईहून आला. 1856 साली ताडदेव येथे कापडाची गिरणी सुरू झाली. पुढे लालबाग-परळ भागात गिरण्यांची रांगच उभी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण आगबोटीने मुंबईस जाऊ लागले. चाळीतील एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. बायकामुले गावीच राहत. 1880 साली टपालखात्याने मनीऑर्डरीची सोय केली आणि पोस्टमन ओटीवर रुपये मोजून देऊ लागला. भाताच्या दाण्यावर कोणाचे नाव नसते, मनीऑर्डरीवर असते. कुटुंबाच्या उत्पन्नाला अशा रीतीने एकेकाचे नाव लागले. थोरल्या भावाने ती रक्कम घरखर्चात घातली, की धाकट्याची बायको मनातल्या मनात हिशेब करी. त्यात तिचा दोष काय? पती दूर, लावणीत कंबर मोडेपर्यंत वाकायचे तिने, आणि पैसा मात्र दुसऱ्याच्या हाती!

तोच प्रश्न पुढे कायद्यापुढेही आला. घरच्या पैशाने शिकलेल्या मुलाची कमाई कोणाची, घराची की त्याची? 1930 च्या कायद्याने उत्तर दिले, की विद्येच्या बळावर हिंदू एकत्र कुटुंबातील माणसाने मिळविलेले धन त्याचे स्वतःचे.

दुसरी गिरणी गावातच आली, ती पिठाची. तोवर पहाटे दोन जावा समोरासमोर बसून जाते ओढीत. गिरणी आल्यावर ते काम मुलाच्या डोक्यावरील डब्यात मावले आणि कमी माणसांचे घर चालविणे सोपे झाले. ओव्या मात्र गिरणीत दळून मिळत नाहीत!

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि पुढे बहुतेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. अनेक घरांची मनीऑर्डर थांबली. चाळीत राहणाऱ्या कित्येक बायकांनी डबे करून, पापड लाटून, शिवणकाम करून संसार सावरला. जिच्या मिळकतीवर चूल पेटते, तिला विचारल्यावाचून घरातील निर्णय घेणे कठीण होते.

मुलीच्या वाट्याची गोष्ट याहून सावकाश पुढे सरकली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तिला वडिलांच्या मिळकतीत वारसा दिला. पण वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतःच हक्क असे तो मुलग्यालाच. महाराष्ट्राने 1994 साली तो मुलीलाही दिला. मात्र तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 साली देशाच्या कायद्याने हा भेदही काढून टाकला. तथापि कायदा कागदावर आला म्हणजे ओटीवर आला असे होत नाही. अजूनही माहेरपण तुटू नये म्हणून कित्येक बहिणी हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करतात.

1998 साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला. भाद्रपदात तिच्या गाड्या भरभरून येतात. एरवी वेगवेगळ्या चुलींवर जेवणाऱ्या कुटुंबांचा गणपती पुष्कळ ठिकाणी अजून मूळ घरातच बसतो. त्या दिवसांत बंद खोल्या झाडल्या जातात, जावा एका ओळीने मोदक वळतात, आणि आरती संपल्यावर ओटीवर जमिनीच्या वाटणीचा विषय निघतो. पूर्वी त्या वेळी बहिणी माजघरात असत. आता एखादी ओटीवर येऊन बसते आणि सातबाऱ्याचा उतारा स्वतः वाचून पाहते.