पोळी सोडण्यापूर्वी

माळव्यात गव्हावाचून ताट वाढले जात नाही. पण काहींच्या लहान आतड्यास गव्हा-जवांतील ग्लुटेन सोसत नाही. हाच सिलिॲक विकार. गव्हाचा हा दोष डॉ. डिके यांनी १९५० साली नेदरलँड्समध्ये आपल्या प्रबंधात मांडला. निदानासाठी रक्तातील टीटीजी-आयजीए ही प्रतिद्रव्ये पाहतात. सोबत एकूण आयजीएही मोजावे. ते मुळातच कमी असल्यास अहवाल फसवा येतो. पुढे बहुधा दुर्बिणीने आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासतात.

मात्र गहू बंद केला की प्रतिद्रव्ये ओसरू लागतात. आमच्या वर्गातील एका अशक्त मुलीची पोळी घरच्यांनी आधीच सोडविली. अहवाल निर्दोष आला. डॉक्टरांनी पुन्हा गहू खावयास लावला. ते सहा आठवडे ती मधल्या सुटीत पोट धरून बसे. दुसऱ्या तपासणीत विकार उघड झाला. आता डब्यात ज्वारीची भाकरी असते.