ब्रिजच्या स्पर्धेंतील न्याय

पत्ते म्हटले कीं आपल्याकडील पुष्कळ गृहस्थांच्या मनांत दैव आणि जुगार या दोनच गोष्टी उभ्या राहतात. ब्रिजच्या स्पर्धेविषयीं मात्र हें मत टिकत नाहीं. तेथें दैवाला बुद्धिपुरस्सर दाराबाहेर ठेविलेलें असतें. तें कसें, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे.

घरीं चौघे खेळावयास बसले असतां ज्याला एक्के व राजे आले त्याचीच बहुधा सरशी होते. १८५७ सालीं लंडन येथें 'कॅव्हेंडिश' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या हेन्री जोन्सनें व त्याच्या मित्रांनीं व्हिस्ट या ब्रिजच्या पूर्वज खेळावर एक प्रयोग केला. एका मेजावर निष्णात खेळाडूंना जे पत्ते, तेच दुसऱ्या मेजावर सामान्य खेळाडूंना दिले. निष्णातच सरस ठरले.

आजची स्पर्धा याच तत्त्वावर चालते. खेळाडू आपलें पान मेजाच्या मध्यें न टाकतां स्वतःपुढेंच ठेवितो. डाव संपला कीं ज्याचे तेरा पत्ते त्याच्या दिशेच्या कप्प्यांत जातात आणि ती चार कप्प्यांची पेटी पुढील मेजाकडे निघते. म्हणजे उत्तर-दक्षिण बसलेल्या जोडीची खरी चुरस समोरच्यांशीं नसून, इतर मेजांवर त्याच दिशेस बसून तेच पत्ते धरणाऱ्या जोड्यांशीं असते. 'आज पत्तेच आले नाहींत' ही सबब येथें चालत नाहीं!

जितक्या जोड्यांना मागें टाकावें तितके दोन-दोन गुण; बरोबरी झाल्यास एक. समजा, एक डाव आठ मेजांवर खेळला गेला. पांच जोड्यांनीं चार इस्पिकांची बोली करून दहा हात केले व ४२० मिळविले. एकीनें अकरा हात करून ४५०. एकीनें तीन बिनहुकुमी बोलून दहा हात केले, तिला ४३०. एक जोडी एका हातानें बुडाली, तिचे उणे ५०. आतां ४५० ला १४ गुण, ४३० ला १२, ४२० ला अवघे ६ आणि बुडालेलीला शून्य. दहाच्या फरकानें गुण दुप्पट झाले! म्हणून जोड्यांच्या स्पर्धेंत एका जादा हातासाठीं धोका पत्करणें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. चौघांच्या संघांच्या सामन्यांत मात्र दोन मेजांवरील फरक एका कोष्टकानें बदलून घेतात व तेथें दहाचा फरक शून्य धरला जातो. तेव्हां तोच लोभ तेथें मूर्खपणा होय. बोललेले हात आधीं सुरक्षित करावे हेंच बरें.

भिडूला खुणावण्याची वाटही बंद केलेली असते. बोली तोंडानें न करितां छापील पत्ते मांडून करितात, आणि मोठ्या सामन्यांत मेजावर तिरकस पडदा उभा करून भिडूचा चेहराही झांकतात. १९७५ सालच्या बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेपासून हा पडदा आला.

२०१८ सालीं जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत पुरुषांच्या जोड्यांचें सुवर्णपदक प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार या भारतीय जोडीनें मिळविलें. वर्धन त्या वेळीं साठ वर्षांचे होते.