हृदय जोरात चालवणारे औषध रोज का घेऊ नये?



गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे दुबईला अल मनखूलमध्ये मुलीकडे राहत होतो. आमच्या यांचे वय ७६. हृदय जरा अशक्त, म्हणून बिसोप्रोलॉलची गोळी रोज चालू. तिथे चालताना त्यांना धाप लागू लागली. गुडघ्यांमुळे ट्रेडमिल जमणार नव्हती, तेव्हा डॉक्टरांनी डोब्युटामाइन स्ट्रेस इको करायला सांगितले आणि तेवढ्यापुरती बिसोप्रोलॉल आदल्या दिवसापासून थांबवली.

या तपासणीत डोब्युटामाइन शिरेतून देतात व दर तीन मिनिटांनी मात्रा वाढवतात. २२० मधून वय वजा करून जो आकडा येतो, त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठोके नेतात. यांच्यासाठी तो आकडा सुमारे १२२ होता. हृदयाची भिंत सगळीकडे सारखी आकसते का, हे डॉक्टर पडद्यावर पाहतात. जिथे रक्त कमी पोहोचते, तो भाग मागे पडतो. यांच्या रक्तवाहिन्यांत मोठा अडथळा दिसला नाही. धाप होती ती अशक्त हृदयाचीच.

घरी येताना हे खुशीत म्हणाले, "हृदय कसं तरुणासारखं धावलं! हेच औषध गोळीत का देत नाहीत?" आणि दोन दिवसांनी पाहते तो काय, बिसोप्रोलॉलची गोळी यांनी पुन्हा सुरू केलीच नव्हती! मी पुष्कळ वर्षे नर्सचे काम केले, तरी माझ्याच घरात हे घडले. म्हणून हा लेख.

हृदयाच्या पेशींवर रिसेप्टर असतात. त्यांना कुलपे समजा. शरीरातले ॲड्रेनलिन ही त्यांची किल्ली. अशी कुलपे दोन जातींची असतात, अल्फा आणि बीटा, हे रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले. पुढे १९६७ मध्ये बीटाचेही दोन प्रकार केले गेले. बीटा-१ मुख्यतः हृदयात आणि बीटा-२ फुप्फुसांच्या नळ्यांत व रक्तवाहिन्यांत. जुने आयसोप्रेनालिन दोन्ही कुलपे उघडी, त्यामुळे ठोके फार वाढत, लय बिघडे. अमेरिकेत एली लिली कंपनीच्या रोनाल्ड टटल आणि जॅक मिल्स यांनी त्याच रेणूत फेरफार करून मुख्यतः हृदयाच्या कुलपाला बसणारी किल्ली घडवली. तेच डोब्युटामाइन. त्यांचा निबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. हा रेणू अगदी लहान आहे. इन्शुलिन त्याच्या जवळजवळ वीसपट जड.

पण शरीरात ते दर दोन मिनिटांनी निम्मे होते, म्हणून शिरेतूनच द्यावे लागते. अतिदक्षता विभागात त्याने अनेकांना कठीण वेळेतून तारलेले मी पाहिले आहे.

मग टिकणारी गोळी का नाही? तसा प्रयत्न झाला होता. झॅमोटेरॉल नावाची गोळी हेच कुलूप अर्धवट उघडी. तीव्र हृदयविकाराच्या ५१६ रुग्णांवरील अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर दिवसांत गोळी घेणाऱ्यांपैकी ९.१ टक्के दगावले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३.७ टक्के.

उलट बिसोप्रोलॉल तेच कुलूप झाकते. १९९९ च्या मोठ्या अभ्यासात त्यामुळे अशक्त हृदयाच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

मी यांना म्हटले, "आपले वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे. दमलेल्या बैलाला पराणी टोचली, तर तो चार फेरे जोरात मारील आणि मग बसेल. अशक्त हृदयाला शरीराचे ॲड्रेनलिन आधीच टोचत असते. त्यात आणखी टोचायचे कशाला? शनिवारी घाणा बंद असायचा, म्हणून तर बैल बाकीचे सहा दिवस चालायचा. ही गोळी म्हणजे हृदयाचा शनिवार."

हे हसले आणि त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे गोळी पुन्हा सुरू झाली.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. 'ओलॉल' अशा अखेरीची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. ठोके उसळतात, छातीत दुखते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. तपासणीसाठी ती थांबवली असेल, तर पुन्हा कधी घ्यायची हे निघतानाच विचारा. आणि गोळीने फार थकवा, चक्कर किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलता येते.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.