फिरत्या परिचारिका

रुग्णालयाची क्षमता खाटांच्या संख्येवरून मोजण्याचा प्रघात आहे. परंतु परिचारिका नसेल तर खाट असूनही रुग्णाला परत पाठवावे लागते. अमेरिकेत ही उणीव काही अंशी फिरत्या परिचारिका भरून काढतात. हिवाळ्यात रुग्ण वाढले, कोणी प्रसूतिरजेवर गेले किंवा दूरच्या गावी येण्यास कोणी राजी नसले, म्हणजे मध्यस्थ संस्थेमार्फत बहुधा १३ आठवड्यांच्या करारावर त्यांची नेमणूक होते.

कायम नोकरीपेक्षा बहुधा अधिक वेतन आणि निवासाची सोय अथवा भत्ता, हे लाभ उघडच आहेत. आमच्या मते मोठा लाभ अनुभवाचा होय. महानगरातील अतिदक्षता कक्षात तयार झालेली परिचारिका पुढील करारात मोजक्या खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात अपघातापासून बाळंतपणापर्यंत सारे सांभाळावयास शिकते. दोन करारांमधील विश्रांतीही तिला स्वतः ठरविता येते. रात्रपाळ्यांनी शिणविणाऱ्या या व्यवसायात ही सवलत लहान नव्हे!

तेथे परिचर्येचा परवाना राज्य देते. २००० पासून अमलात आलेल्या आंतरराज्य करारामुळे सभासद राज्यांत एकच परवाना चालतो. कॅलिफोर्निया मात्र त्याबाहेर असल्याने तेथे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

२०२० मध्ये सुरू झालेल्या कोविड साथीत या परिचारिकांचे वेतन झपाट्याने वाढले आणि साथ ओसरताच उतरले. शिवाय रुग्णालयाने करार मुदतीपूर्वी रद्द केल्यास घरभाड्याचा भार तिच्याच अंगावर पडू शकतो. म्हणून अनुभवी परिचारिका वेतनाच्या आकड्याआधी करारातील रद्दीकरणाचे कलम वाचतात.