मोठ्या जातीचे पिल्लू : काट्याआधी हात

“डॉक्टर, याचे वजन वयाच्या मानाने बरोबर आहे ना?” हा प्रश्न आपल्यातील बालरोगतज्ज्ञांना जितका परिचित आहे, तितकाच मज पशुवैद्यालाही. इंदूरमधील आपल्या अनेक सभासदांच्या घरी आता लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, क्वचित ग्रेट डेनही नांदतात. म्हणून या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

या जातींची वाढ विलक्षण वेगवान असते. मानवी बालक पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या तिप्पट होते. अर्ध्या किलोच्या आसपास जन्मलेला जर्मन शेफर्ड नर दीड-दोन वर्षांत ३० ते ४० किलोंचा होतो. मोठ्या जातींत हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चा पूर्ण मिटण्यास साधारणतः १२ ते १८ महिने लागतात. तोपर्यंत त्यांवर चरबीचा भार पडला, तर हिप डिसप्लेसियासारखे विकार बळावतात. आनुवंशिकता आपल्या हाती नाही. पिल्लाची ताटली मात्र आहे.

कुत्र्यांसाठीही २०१७ साली वृद्धितक्ते प्रसिद्ध झाले, परंतु ते प्रौढपणी ४० किलोंपर्यंत भरणाऱ्या कुत्र्यांपुरतेच आहेत. ग्रेट डेनच्या मालकास त्यांचा उपयोग नाही. शिवाय एकाच वेतातील भावंडांचीही अंगकाठी भिन्न असते. म्हणून मी काट्याआधी हातावर विश्वास ठेवतो.

पिल्लू उभे असताना त्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंवरून, दाब न देता, बोटे फिरवावीत. मग आपलीच मूठ वळून बोटांच्या पेरांच्या उंचवट्यांना स्पर्श करावा. बरगड्या तशा टोचत असतील तर पिल्लू कृश आहे. हात सपाट पसरून त्याच्या मागील बाजूवर बोट फिरवले असता हाडे सहज जाणवतात, पण बोचत नाहीत. बरगड्या तशा लागणे हे योग्य. तळहाताकडून चाचपल्याप्रमाणे हाडे शोधावी लागली, तर वजन अधिक आहे. वरून पाहता कंबर दिसावी आणि बाजूने पाहता पोट मागे वर चढलेले असावे. दाट केसांच्या कुत्र्यात डोळा फसतो, हात सहसा फसत नाही. बरगड्या उघड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे, असे दिसल्यास आधी जंतांचा विचार करावा.

पशुवैद्य या परीक्षेला १ ते ९ असे अंक देतात. ४ व ५ हे योग्य मानले जातात. वाढत्या मोठ्या पिल्लात मी ४ कडे झुकतो. यास भक्कम आधार आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८ लॅब्रॅडॉरच्या आजन्म अभ्यासात जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले होते. सडपातळ गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्याचे ११.२ वर्षे भरले. सांध्यांचा संधिवातही सडपातळ गटात उशिरा आला.

आपल्या समाजात मात्र गुटगुटीतपणाचे कौतुक फार. गेल्या वर्षी पाच महिन्यांचा एक ग्रेट डेन माझ्याकडे आला. सोबतच्या आजी खिन्नपणे म्हणाल्या, “पाहुणे म्हणतात, आम्ही याला उपाशी ठेवतो.” त्या बोलण्याने घरात कॅल्शियमचे औषध आले होते, आणि सकाळच्या पोह्यांत व जिलेबीत पिल्लाचा वाटा सुरू झाला होता. मी बरगड्या तपासल्या. त्या अगदी हाताच्या मागील बाजूसारख्या लागल्या. जिलेबी बंद करविली. कॅल्शियम तर त्याहून तातडीने बंद करविले, कारण कोवळ्या पिल्लाच्या आतड्यास जादा कॅल्शियमचे शोषण पुरेसे रोखता येत नाही, आणि त्यातून हाडांची घडणच बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनविलेल्या समतोल खाद्यात ते आधीच पुरेसे असते.

घरी दर पंधरवड्यास पिल्लाला उचलून काट्यावर उभे राहावे, आपले वजन वजा करावे, आणि आकड्याशेजारी बरगड्यांचा अनुभवही लिहून ठेवावा. पिल्लू उचलण्यापलीकडे गेले की दवाखान्यातील काटा आहेच. बरगड्या बुजू लागल्या तर अन्न सुमारे एक दशांशाने कमी करून दोन आठवड्यांनी पुन्हा हात फिरवावा. वाढत्या वयात वजन घटू लागले, किंवा पिल्लू लंगडू लागले, तर पंधरवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.